उस्तादांचा पहिला साचा

“…तर मग सव्वीस वर्षं मी केलं काय, उस्ताद?”

उस्ताद बाबालाल शिकलगारांनी झाडू थांबवला नाही. दर्ग्याच्या अंगणात कडुलिंबाची पानं पडत होती आणि ते झाडत होते.

ज्योतिराम खोत कट्ट्यावर बसला होता. मांडीवर टॅब्लेट, आणि टॅब्लेटवर दोन्ही हात. सोडला तर उडून जाईल, अशी पकड.

“ऐकताय न्हवं?”

“ऐकतोय. सव्वीस वर्षं साचे केलेस.”

“आणि उद्यापासनं?”

“उद्या सोमवार.”

“चेष्टा नका करू, उस्ताद. उद्या साडेआठला परीक्षा हाय. तिसरी. चौथी नसती.”

उस्तादांनी पानांचा ढीग भिंतीकडे लोटला.

“दोनदा काय झालं?”

ज्योतिरामने नजर दूर वळवली.

अंगणापलीकडे, ओढ्याच्या त्या बाजूला, औद्योगिक वसाहतीची पत्र्याची छपरं दिसत होती. त्यातल्या तिसऱ्या छपराखाली ज्योतिरामची फाउंड्री. तिथे तो वाळूचे साचे करायचा. लोखंडाचा रस त्याच्या साच्यात ओतला जायचा आणि पुली व्हायची, पंपाची बॉडी व्हायची, ब्रेकचा ड्रम व्हायचा. त्याला हे काम बाबालाल उस्तादांनी शिकवलं होतं. उस्ताद सोळा वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि या दर्ग्यात झाडलोट करू लागले. आता ते शहात्तर वर्षांचे होते. पाठ वाकली होती, पण हात अजून फावड्यासारखे होते.

फाउंड्रीत आता साचे मशीन करणार होतं. माणसाने मशीनला फक्त सांगायचं, काचेवर बोट ठेवून. कंपनीने फलकावर नोटीस लावली होती : कौशल्यवृद्धी कार्यक्रम, आपल्या प्रगतीसाठी. चौतीस साचेवाल्यांना थंडगार खोलीत बसवलं, बिस्किटं दिली, टॅब्लेट दिले. सव्वीस वर्षांचं काम बाजूला ठेवून नवं शिकायला तीन आठवडे दिले. मशीन बसवायला मात्र सात महिने घेतले. मशीनला कुणी घाई केली नाही.

चौतीसपैकी एकतीस जण पास झाले. दोघांनी राजीनामा दिला.

एक उरला.

“पहिल्यांदा उठून आलो,” ज्योतिराम म्हणाला.

“आणि दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा उठलो न्हाई. बसूनच ऱ्हायलो. वेळ संपंस्तोवर.”

“हात?”

“हात वर तसाच. हवेत.” त्याने हात वर धरून दाखवला. “पोरं हसली न्हाईत, उस्ताद. हसली असती तर बरं झालं असतं. सगळी खाली बघाय लागली.”

उस्तादांनी झाडू भिंतीला टेकवला. कट्ट्याशी येऊन ते हळूच बसले. गुडघे वाजले.

“का उठलास?”

“लाल आलं.”

“म्हंजे?”

“साचा रद्द, म्हणून लिवलं. मोठ्या अक्षरात. वर आवाज. भरलेल्या खोलीत.” ज्योतिरामने बोट स्वतःकडे केलं. “मला? सव्वीस वर्षांत माझा एक साचा ढासळला न्हाई. रस फुटून बाहेर आला न्हाई. साहेब लोक पाहुण्यांना घेऊन माझ्या साच्यापाशी यायचे. आणि ह्यो डबा मला सांगतोय, रद्द?”

“एक मोडला होता.”

ज्योतिरामने मान वळवली.

“तो तुम्ही मोडला होता.”

“मोडला तर होताच की.”

…

ओढ्यापलीकडे कुठेतरी ग्राइंडर चालू होता, रविवार असूनही.

“आज इचारतोच,” ज्योतिराम म्हणाला. “अकरा महिने तुम्ही माझ्याकडनं नुस्ती वाळू चाळून घेतली. मग पुलीचा साचा करायला दिलात. मी दुपारपतोर केला. एक कड तुटली नव्हती. सगळी फाउंड्री बघाय आली. आणि तुम्ही आलात, बघितलंत, आणि मूठ घातलीत त्यात. का?”

“माझ्या उस्तादानं माझा मोडला होता.”

“हे काय उत्तर झालं?”

“मला बी तसंच वाटलं होतं.”

“म्हंजे तुम्हाला बी ठाऊक न्हाई?”

उस्तादांनी टॅब्लेटकडे बोट केलं. “कोपऱ्यात एक्केचाळीस कसला लिवलाय?”

“बॅटरी. सहा वाजता गेटवर परत द्यायचाय. ट्रेनिंगच्या मॅडमनी गुपचूप दिलाय सरावाला.”

“मग इथं काय करतोयास? सराव कर जा घरी.”

“घरी होत न्हाई.”

“का?”

“बायको बघत बसती. पोरगी मिरजेस्नं आलीय हॉस्टेलवरनं. नर्सिंगला हाय. ती म्हणती, बाबा, सोपं आहे, मी दाखवते. मला…” तो थांबला. “मला तिच्यासमोर लाल नको यायला.”

“आणि माझ्यासमोर?”

ज्योतिरामने टॅब्लेटवरचा सराव इथेही अजून उघडला नव्हता.

“बरं,” उस्ताद म्हणाले. “आण तो हिकडं. शिकीव मला.”

“काय?”

“साचा करायला.”

“उस्ताद, मला वेळ न्हाई हो. चार वाजले. दोनच तास हायेत.”

“दोन तासांत शिकतो की. मी काय तुझ्यासारखा मठ्ठ हाय व्हय? तुला अकरा महिने लागले.”

“डोळ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं!”

“मग आता चांगलंच दिसतंय. आण.”

ज्योतिरामने टॅब्लेट दिला. नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

काचेवर एक चित्र आलं. वर लिहिलं होतं : पुली. खाली तीन पट्ट्या. ओल, दाब, वेळ. बोटाने तिन्ही पट्ट्या सरकवायच्या, काम बघून, वाळू बघून. मग ‘साचा भरा’ असं लिहिलेलं बटण दाबायचं. जमलं तर काच हिरवी होते. नाहीतर लाल.

“परीक्षेत चाळीस मिनिटं,” ज्योतिराम म्हणाला. “तेवढ्यात तीन हिरवे पायजेत.”

“आणि लाल किती चालत्यात?”

“कितीबी.”

“कितीबी?”

“मॅडमनी तीनदा सांगितलं. लालचे मार्क कापत न्हाईत.”

उस्तादांनी त्याच्याकडे बघितलं. मग अंगठा काचेवर टेकवला आणि दाबला.

काही झालं नाही.

पुन्हा दाबला, जोरात. धुम्मसाने वाळू ठोकावी तसा.

“फुटंल उस्ताद! ठोकायचं न्हाई त्याला. नुस्तं शिवायचं.”

“शिवलो की.”

“हळू.”

“हळूच शिवतोय. ह्याला कळंना.”

ज्योतिरामला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी थंड खोलीत त्याचंही असंच झालं होतं. वर्षानुवर्षं तापलेल्या वाळूत घातलेली बोटं. त्यांची कातडी इतकी सुकलेली की काचेला ती माणसाची वाटतच नाहीत. त्या दिवशी तो बोट दाबत बसला होता आणि शेजारचा बावीस वर्षांचा सहकारी म्हणाला होता, “काका, तुमचं बोट मेलंय.” प्रेमानेच म्हणाला होता. पण तो शब्द ज्योतिराम घरी घेऊन गेला.

ही गोष्ट त्याने उस्तादांना सांगितली नाही.

उस्तादांनी मात्र स्वतःचं बोट उलटसुलट करून बघितलं. मग शेजारच्या मातीच्या भांड्यात, चिमण्यांसाठी ठेवलेल्या पाण्यात बुडवलं. धोतराला थोडं टिपलं. काचेला लावलं.

पट्टी सरकली.

“बघ,” ते म्हणाले. “ह्याला बी ओल लागती.”

ज्योतिरामला हसू आलं. त्या दिवसातलं पहिलं.

पण ते फार टिकलं नाही. उस्तादांनी पट्ट्या कशाही सरकवल्या आणि बटण दाबलं. काच लाल झाली. आवाज घुमला. कडुलिंबावरचा कावळा उडाला.

ज्योतिरामचे खांदे आपोआप वर गेले, फटका चुकवावा तसे.

उस्ताद खूश झाले.

“लाजलं रे हे!”

“उस्ताद, रद्द झाला तुमचा साचा.”

“व्हय की. लालेलाल.” त्यांनी पुन्हा बोट बुडवलं. “दुसरा.”

दुसराही लाल. तिसरा लाल. चौथ्याला त्यांनी दाबाची पट्टी पार टोकाला नेली.

“अहो एवढा दाब कोण देतंय पुलीला!”

“मी देतो. लागू दे तिला.”

लाल.

बॅटरी एकतीस झाली.

तेवढ्यात ज्योतिरामचा फोन वाजला. प्रशिक्षणवाल्या मधुरा वणकुद्रे. चोवीस वर्षांची, मागच्याच वर्षी नोकरीला लागलेली.

“खोत काका, झाला का सराव?”

“चाललाय मॅडम.”

“किती हिरवे आले?”

ज्योतिरामने उस्तादांकडे बघितलं. ते काचेला काहीतरी समजावून सांगत होते.

“येतील.”

“काका…” पलीकडे ती थांबली. “सहाला मी गेटवर आहे. टॅब बाहेर दिलाय हे कळलं तर माझं कठीण आहे. आणि अजून एक. उद्या तुमचं झालं नाही, तर यादीत नाव घालायचं आहे. ती यादी मीच टाइप करते. मलाच करायला लावतात.”

“तुमचा काय दोष त्यात.”

“दोषाचं नाही हो. मला ते नाव टाइप करायचं नाहीये.”

फोन बंद झाला. ज्योतिरामचा कान गरम झाला होता.

“पोरगी घाबरलीय,” उस्ताद वर न बघता म्हणाले.

“ती कशाला घाबरंल? नोकरी माझी जाणार.”

“साचा तिचा हाय न्हवं.”

“कुठला?”

“तू.”

आणि त्यांनी बटण दाबलं. लाल.

मग ज्योतिरामचा धीर सुटला. सहावा लाल की सातवा. घड्याळात पावणेपाच. बॅटरी सव्वीस. उस्तादांचं ओलं बोट पुन्हा दाबाच्या पट्टीकडे चाललं होतं, पुन्हा त्याच टोकाला, मुद्दाम केल्यासारखं.

“बघून करा की जरा!”

आणि त्याने त्या हातावर चापट मारली.

…

आवाज मोठा नव्हता. पण अंगणात तोच उरला.

ज्योतिरामने हात मागे घेतला. मग दोन्ही कान धरले. काय करावं त्याला कळेना. तो कट्ट्यावरून उतरून खाली बसायला लागला.

“उस्ताद… चुकलं. माझा हात… मी…”

“वर बस.”

“उस्ताद, मी तुमच्यावर…”

“वर बस म्हटलं ना. बरोबर मारलास. मी तुला ह्याच जागी मारायचो, मनगटाच्या वर. आठवतंय न्हवं?”

ज्योतिराम बसला. डोळ्यांत पाणी.

“पण मी नुस्ता मारायचो न्हाई,” उस्ताद म्हणाले. “मारून झाल्यावर सांगायचो. तू सांग. माझं चुकलं काय?”

“लाल आलं.”

“ते दिसतंय. का आलं?”

“चुकलं म्हणून.”

“काय चुकलं?”

“मला काय ठाऊक!” ज्योतिराम ओरडलाच. “मला ठाऊक असतं तर मी हितं आलो असतो व्हय? आज तीन आठवडे मला ते म्हाईत न्हाई!”

मागच्या मशिदीतून असरची, दुपारनंतरच्या नमाजाची, अजान सुरू झाली.

उस्ताद उठले. टॅब्लेट त्यांनी ज्योतिरामच्या मांडीवर ठेवला. काच अजून लाल होती.

“मी नमाज पढून येतो. तोवर इथनं उठायचं न्हाई.”

“आणि ह्याचं काय करू?”

“काय करू नकोस. बघत बस.”

“लाल हाय ते.”

“व्हय. त्याच्याकडंच.”

ते नळावर गेले. हातपाय धुतले. सावकाश, एकेक बोट. मग मागे दिसेनासे झाले.

ज्योतिराम बसला.

लाल समोर होतं. त्याला वाटलं, पालथा घालावा. पण उस्तादांनी बघत बस म्हटलं होतं. त्याने भिंतीकडे बघितलं, पानांच्या ढिगाकडे बघितलं, मग नाइलाजाने खाली बघितलं.

मिनिटभराने काच अंधारायला लागली. विझली तर पुन्हा उघडायला किती बॅटरी जाईल कोण जाणे. त्याने घाईने बोट भांड्यात बुडवलं आणि काचेला लावलं. लाल पुन्हा उजळलं.

पुन्हा अंधारलं. पुन्हा बोट.

दोन परीक्षांत मिळूनही त्याने लाल काच इतका वेळ बघितली नव्हती. एकदा तो उठला होता. एकदा त्याने नजर वर छताकडे लावली होती, वेळ संपेपर्यंत. सरावाच्या खोलीत तर लाल आलं की तो टॅब्लेट शेजाऱ्याकडे सरकवायचा, “बघ रे, अडकलं वाटतं,” म्हणून. शेजारी लाल घालवून परत द्यायचा.

तिसऱ्यांदा काच उजळली तेव्हा त्याला दिसलं.

‘साचा रद्द’ या मोठ्या अक्षरांच्या खाली दोन ओळी होत्या. बारीक, पांढऱ्या.

त्याने टॅब्लेट जवळ घेतला.

‘दाब जास्त. हवा कोंडली, बाहेर पडायला वाट नाही. दाब कमी करा, ओल अर्ध्याने घटवा.’

ज्योतिरामने ते दोनदा वाचलं. मग ओठ हलवून, हळू, तिसऱ्यांदा.

हे त्याला ठाऊक होतं. हे त्याला सव्वीस वर्षं ठाऊक होतं. जास्त ठोकलेल्या वाळूतून हवा निघत नाही आणि रस उसळतो. वाळू मुठीत दाबून, मोडून बघितली की त्याला कळायचं. हेच वाक्य त्याने स्वतः किती नव्या पोरांना सांगितलं होतं, शिव्या घालून.

डब्यालाही ते ठाऊक होतं. डबा सांगतही होता. प्रत्येक लालच्या खाली, तीन आठवडे.

त्याचा हात पट्टीकडे गेला. मग थांबला. उस्तादांनी काही करू नकोस म्हटलं होतं. तो बसून राहिला. पाय मात्र हलत होता. बॅटरी एकोणीस.

उस्ताद आले तेव्हा सव्वापाच झाले होते.

“उठला न्हाईस?”

“उस्ताद, हितं लिवलंय!”

“काय?”

“का चुकलं ते. खाली. बारीक अक्षरात. तुम्हाला दिसलं होतं?”

“माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय,” उस्ताद म्हणाले आणि बसले. “वाच.”

ज्योतिरामने वाचलं.

“मग आता?”

“दाब कमी. हितपतोर. न्हाई, अजून थोडा… हां. ओल आता अर्धी. वेळेला हात लावू नका.”

उस्तादांचं बोट थरथरत होतं. पट्टी जास्त सरकायची, मग मागे यायची. ज्योतिरामने या वेळी हात पकडला नाही. पट्टी आपली आपण जागेवर येईपर्यंत थांबला. हे अवघड होतं. बॅटरी चौदा.

बटण.

लाल.

ज्योतिरामचे खांदे या वेळीही वर गेले. पण डोळे खाली गेले, बारीक ओळींवर.

“वेळ कमी पडला. चार सेकंद वाढवा म्हणतंय.”

“वाढवू?”

“वाढवा की. सांगतंय तर.”

वाढवला. बटण.

काच हिरवी झाली.

आवाज नव्हता. नुसता रंग. उस्तादांच्या पांढऱ्या दाढीवर त्याचा उजेड पडला.

उस्तादांनी टोपी नीट केली. पाठ जमेल तेवढी सरळ केली. मग टॅब्लेट दोन्ही हातांनी उचलून लांब धरला आणि बघत राहिले. काचेवर पुलीचा साचा होता, गोल, एक कड तुटलेली नाही.

“आला?” त्यांनी हळूच विचारलं.

“आला उस्ताद. पहिला आला तुमचा!”

“चांगला आला न्हवं?”

“एक नंबर.”

साच्याखाली दोन बटणं होती. ‘ओतकामाला पाठवा’ आणि ‘रद्द करा’.

उस्तादांनी टॅब्लेट ज्योतिरामसमोर धरला. हात पुढे तसाच ठेवून ते थांबले.

“काय?” ज्योतिराम म्हणाला.

“मग बघत काय बसलाईस?”

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं.

“न्हाई उस्ताद.”

“पहिला हाय.”

“म्हणूनच न्हाई. एवढ्या खटपटीनं आलाय. शहात्तराव्या वर्षी…”

“शिकवणारा कोण हाय आज?”

“…मी.”

“मग?”

ज्योतिरामने हिरव्या काचेकडे बघितलं. उस्तादांचे डोळेही तिच्यावरच होते. ते तिला सोडायला तयार नव्हते. ते नाटक करत नव्हते. खरंच तयार नव्हते.

त्याला ती दुपार आठवली. पुलीच्या साच्यात घुसलेली मूठ. तो गेटपर्यंत गेला होता, परत न येण्यासाठी. तासभर उन्हात उभा होता. मग परत का आला, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यालाच नीट ठाऊक नव्हतं. डबा विसरला होता म्हणून असेल. जेवणाचा डबा.

आता त्याला दुसरंच आठवलं. तो आत आला तेव्हा त्याच्या जागेवर मोडकी वाळू नव्हती. साच्याची पेटी पुसून ठेवली होती. पॅटर्न, म्हणजे पुलीचा लाकडी नमुना, स्वच्छ करून आत बसवला होता. आणि शेजारी ताज्या वाळूचा ढीग होता, बारीक चाळलेला.

त्या दिवशी तो चाळणीवर नव्हता. ती वाळू कुणी चाळली, त्याने सव्वीस वर्षांत विचारलं नव्हतं.

“उस्ताद…”

“बॅटरी किती?”

“अकरा.”

“मग वेळ घालवू नको.”

ज्योतिरामने बोट पाण्यात बुडवलं. हात जड झाला होता. त्याने बोट ‘रद्द करा’वर नेलं, टेकवलं नाही, उस्तादांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

टेकवलं.

साचा गेला. काच रिकामी झाली.

उस्तादांचा हात छातीपाशी गेला. चेहरा उतरला, लहान मुलाचा उतरतो तसा, लपवता न येणारा.

…

“दुखलं व्हय, उस्ताद?”

“लई.”

“मग कशाला मोडायला लावलंत हो!”

उस्तादांनी खांद्यावरचा पंचा काढला. त्याच्या टोकाने काच पुसली. आधी मधली जागा, मग कडा, मग चारही कोपरे, एक कणही राहू नये तशी. मातीचं भांडं उचलून ज्योतिरामच्या उजव्या हाताशी ठेवलं. मग टॅब्लेट त्याच्या मांडीवर दिला.

काचेवर नवीन काम आलं होतं. पंपाची बॉडी. तीन पट्ट्या, तिन्ही शून्यावर.

पाच पस्तीस. गेटपर्यंत चालत पंधरा मिनिटं. बॅटरी दहा.

ज्योतिरामने एकदा ओढ्यापलीकडच्या तिसऱ्या छपराकडे बघितलं. बोट ओलं केलं. ते काचेवर आलं आणि हवेत थांबलं, दुसऱ्या परीक्षेत थांबलं होतं अगदी तसंच.

“उस्ताद, लाल आलं तर?”

उस्ताद त्याच्या बाजूला सरकून बसले. खांद्याला खांदा लागला.

“तू कर. मोडायला मी बसलोय.”